उगाच न्हाय, कामानं आलोय

राणोजी अण्णांची गिटार भोंग्याच्या सुरात लावलेली आहे. एवढं एक ध्यानात ठेवा, पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

भोंगा म्हणजे मद्रासजवळच्या आवडी गावातल्या आमच्या कारखान्याचा, सकाळी सातला व्हायचा तो. राणोजींच्या हातात गिटार आली तेव्हा घरात ना पेटी, ना तंबोरा. मग सूर कोणाकडून घ्यायचा? भोंगा झाला की ते क्वार्टरच्या दारात उभे राहून खुंटी पिळायचे आणि भोंगा थांबायच्या आत तार त्याच्या सुराला आणून सोडायचे. आता हा भोंगा कुठल्या पट्टीचा? कुठल्याच नाही! पेटीवर काळी दोन आणि पांढरी तीन यांच्यामध्ये जी फट असते ना, तिच्यात तो बसायचा. त्या फटीत कुठल्याही पेटीवाल्याचं बोट जात नाही. म्हणून पन्नास वर्षांत एकही पेटीवाला राणोजींच्या शेजारी टिकला नाही, आणि पन्नास वर्षांत राणोजींनी तार रेसभर उतरवली नाही.

मी गुंडो. गाव जत तालुक्यातलं, शाळा गावातलीच, सातवीपर्यंत. आमच्या गुरुजींनी मला प्रार्थनेत एक सवलत दिली होती. म्हणाले, "गुंड्या, तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नको, बाकीची पोरं बिघडतात." सात वर्षं मी ओठ हलवले. त्यामुळे ज्याला ज्याला कोणी गप्प बस म्हणतं, त्याच्या बाजूनं उभं राहायची मला तेव्हापासूनची खोड आहे. माझी नात श्रीनिधी म्हणते, "आजोबा, तुम्ही अरक्कोणमला जायला निघता आणि कन्याकुमारीला उतरता." उतरतो. पण वाटेत मजा येते की नाही?

तर एकोणीसशे सत्तर साली विसाव्या वर्षी मी आवडीला कामाला लागलो. शेजारच्या क्वार्टरमध्ये राणोजी. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे, तंजावरकडचे मराठा, कारखान्यात वाइंडिंग खात्यात. जळलेल्या मोटरची गुंडाळी उतरवायची आणि नवी तार गुंडाळायची, हे त्यांचं काम. पेरांबूरला एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला निघाला होता. राणोजींनी त्याच्या तिन्ही पंख्यांचं वाइंडिंग करून दिलं, आणि त्यानं जाताना आपली जुनी गिटार यांच्या हातात ठेवली. साधी, लाकडी. राणोजी ती वाजवून बघतात तो काय, शेजारच्या घरात प्रेशर कुकर लागला की ऐकू येईना.

दुसरा कोणी असता तर कुकर उतरेपर्यंत थांबला असता. हा माणूस मूर मार्केटच्या जुन्या बाजारात गेला, जुन्या टेलिफोनच्या कानातले लोहचुंबक शोधून आणले, आणि त्यांच्यावर केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळत बसला. हजारो वेढे, हातानं! ती गुंडाळी तारांखाली बसवली, तिची वायर जुन्या रेडिओला जोडली. रेडिओला खोकं केलं लिलावातल्या पॅकिंगच्या फळ्यांचं. त्यावर इंग्रजीत छापलं होतं, ही बाजू वर. राणोजींनी ती बाजू खाली बसवली. मी विचारलं तर म्हणाले, "मज विचारून छापले काय?"

मद्रासेत विजेची गिटार पहिल्यांदा कोणी वाजवली हे भांडण शहाण्यांनी भांडावं. आमच्या वसाहतीत यांनी वाजवली. पहिल्या दिवशी माझ्या खोलीतला पंखा बंद पडला.

आणि इथं कृष्णवेणी अक्का येतात.

मे महिना, रविवारची दुपार. फ्यूज मागायला मी राणोजींकडे गेलो. दार लोटलेलं. ढकलून आत पाऊल टाकतो तर खोलीत दोन टेपरेकॉर्डर, त्यांची चाकं फिरतायत, राणोजी गिटार घेऊन डोळे मिटून बसलेले, आणि मधोमध निळ्या साडीतली एक बाई उभी. शाळेत गणित शिकवणाऱ्या त्या कृष्णवेणी अक्का, हे नंतर कळलं. युक्ती अशी होती की एका टेपवर अक्कांनी गायचं, मग तो टेप वाजवत त्याच्यावर पुन्हा अक्कांनीच दुसऱ्या आवाजात गायचं, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर उतरवायचं. मग पुन्हा. एका बाईचे तीन गळे! हे राणोजींना कोणी शिकवलं नव्हतं. गुंडाळीवर गुंडाळी चढवणाऱ्या माणसाला ते आपसूक सुचलं असणार.

माझ्या चपलेचा आवाज झाला. अक्कांनी गाणं न थांबवता, दोन ओळींच्या मधल्या जागेत, माझ्याकडं बोट करून म्हटलं, "उगे असा!"

आता बघा. तंजावरच्या मराठीत उगे असा म्हणजे गप्प राहा. त्यांची मराठी पोथीतली, तीनशे वर्षांपूर्वी इकडं आली ती तशीच राहिली. पण मी जत तालुक्यातला. मला ऐकू आलं, 'उगाच आलाय का असा?' मला राग आला. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "उगाच न्हाय, कामानं आलोय!"

चाकं फिरत होती. ते उतरलं.

तिसऱ्या गळ्याची ती तिसरी खेप, दुपारभराची मेहनत, आणि रिकामा टेप एकच. मला वाटलं आता मार खायचा. राणोजींनी टेप मागं नेऊन ऐकला. अक्कांचा आवाज, मग "उगे असा!", मग माझा रेड्यासारखा आवाज, आणि लगेच गिटार. अक्का आधी गंभीर होत्या, मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, त्या खाली बसेपर्यंत.

"पुसूं काय?" राणोजींनी विचारलं.

"कां पुसायचें?" अक्का म्हणाल्या. "तें सुरांत आहें."

सुरात! सात वर्षं ओठ हलवणारा मी, आणि सुरात! त्या दिवसापासून मी त्या दोघांचा. पुढं ते गाणं जिथं जिथं झालं, तिथं त्या जागी अक्का "उगे असा!" म्हणायच्या आणि मी पाठीमागून माझी ओळ ओरडायचो. गाण्याचे शब्द अक्कांचेच होते. 'वाट गेली तर जाऊं दे, मी येथेंच आहें.' आवडीहून निघायचं, सेंट्रलला उतरायचं, रस्ता ओलांडून पार्क स्टेशनात गाडी बदलायची आणि कार्यक्रमाला नुंगंबाक्कमला जायचं. ते उलटं खोकं माझ्या खांद्यावर, गिटार राणोजींच्या पाठीला, शब्दांची वही अक्कांच्या पिशवीत.

पहिला कार्यक्रम वसाहतीच्या गणपतीत झाला. तिथं भजनाला पेटी वाजवायचे नारायणस्वामी, तेही तंजावरकडचेच, हिशेब खात्यातले, माझ्याच वयाचे पण जन्मापासून म्हातारे. गिटारीनं पहिला हुंकार दिला आणि नारायणस्वामी पेटीवरून उठले, हात वर करून ओरडले, "उगे असा! आधीं पट्टींत या!"

राणोजी म्हणाले, "पट्टी तुमच्या पेटींत आहें, स्वामी. माझ्या कानांत भोंगा आहें."

"हें गाणें नव्हे. विजेचें मांजर आहें."

अक्का गोड आवाजात म्हणाल्या, "मग उंदरांनीं जपावें."

सभा हसली, नारायणस्वामी पेटी उचलून गेले. तेव्हापासून ते दर कार्यक्रमाला यायचे, मागच्या रांगेत बसायचे आणि नाक मुरडायचे. कशाला यायचे, कोणास ठाऊक.

लोक एवढ्यावर थांबतात होय? अक्कांनी लग्न केलं नाही, राणोजींचं झालेलं. मग कुजबुज. एकदा पाण्याच्या टाकीपाशी एका बाईनं राणोजींच्या बायकोला, सईबाईंना, तोंडावरच विचारलं, "तुमच्या यजमानांचं आणि त्या टीचरचं नातं काय हो?" सईबाईंनी घागर भरून घेतली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "ते तिजकडे सूर मागतात, मजकडे रसम. मला सूर येत नाहीं, तिला रसम येत नाहीं. तुम्हांला काय येतें?"

बाई पुन्हा त्या टाकीपाशी दिसली नाही.

आता यंदाच्या गोष्टीवर येतो. श्रीनिधी, लिहून घे, आलो.

दोन वर्षांपूर्वी अक्कांच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाज खाली गेला. जिथं पूर्वी चांदीची घंटा होती तिथं आता जातं फिरतं. अक्का सत्त्याहत्तरच्या, राणोजी ऐंशीचे. आणि यंदा आमच्या दक्षिण स्नेहमेळ्याला, म्हणजे इकडच्या मराठी लोकांच्या मंडळाला, साठ वर्षं झाली. त्याचा चिटणीस श्रीवत्स. पेरुंगुडीला कंप्यूटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, वय पन्नास, मनानं चांगला. तो एका रविवारी आवडीला राणोजींच्या घरी निमंत्रणपत्रिका घेऊन आला. राणोजी, अक्का आणि मी कॉफी पीत बसलो होतो, सईबाई आत.

पत्रिकेवर राणोजींचा फोटो. खाली लिहिलेलं, 'विद्युत गिटारचे आद्य वादक राणोजी यांचा सत्कार व वादन. गायन: कुमारी श्रीविद्या. हार्मोनियम: नारायणस्वामी.'

राणोजींनी पत्रिका उलटून बघितली. मागं कोरी. "दुसरें नांव कोठें?"

श्रीवत्सानं कप खाली ठेवला. "अण्णा, अक्कांना पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय. फुलं देणार आहोत. श्रीविद्या फार छान गाते, शिकलेली आहे. अक्कांचा जुना आवाज लोकांच्या मनात आहे, तो तसाच राहू दे, असं कमिटीला वाटलं. अक्कांच्या मानासाठीच."

"सरि, बरें," राणोजी म्हणाले. "मग माझीं बोटेंही जुनींच मनांत राहूं देत. मी पण पहिल्या रांगेत बसतों. गिटार शिकलेल्या कोणाकडून वाजवून घ्या."

"अण्णा, असं कसं..."

तेवढ्यात अक्का बोलल्या. तो खरखरीत आवाज श्रीवत्सानं बहुतेक पहिल्यांदा ऐकला, तो दचकलाच. "श्रीवत्सा, मज विचारलास काय?"

"नाही अक्का."

"आवाज गेला नाहीं. खालीं उतरला आहें. जिना उतरलें म्हणून माणूस हरवतें काय?"

"नाही अक्का, पण वरचे सूर..."

"वरचे सूर पन्नास वर्षें दिलें. अतां खालचे घ्या."

श्रीवत्स माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "माझ्याकडं काय बघतोस बाबा? मला सातवीपर्यंत ओठ हलवायला सांगितलं होतं. माझं मत विचारशील तर आवडायचं नाही तुला."

शेवटी ठरलं ते अर्धवट. अक्का एक गाणं म्हणतील, पण नाव जाहीर करायचं नाही. पत्रिका छापून झाल्या, फ्लेक्स छापून झाला. आणि नारायणस्वामी पेटीला बसणार असल्यानं, अण्णांनी जरा काळी दोनला उतरायचं.

"उतरतों," राणोजी म्हणाले.

मला धक्काच बसला. श्रीवत्स गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, तुम्ही उतरणार?"

"व्यासपीठावरून उतरतों म्हणालों. कार्यक्रम झाल्यावर."

मग दोन महिने त्यांची तालीम. मी रोज जायचो. अक्कांचा श्वास पुरायचा नाही, ओळ मध्येच तुटायची. एक दिवस त्या वही मिटून म्हणाल्या, "राणोजी, ती मुलगी गाऊं दे. मी लोकांची दया घ्यायला नाहीं येणार." हे पहिल्यांदाच ऐकलं मी त्यांच्या तोंडून. पाठ करून बसल्या होत्या, मान खाली.

राणोजींनी समजूत घातली नाही. जाड तारेवर एक सूर धरला, भोंग्याचाच, पण एक सप्तक खाली. "वेणी, भोंगा कसा संपायचा, आठवतें?"

आठवायचं काय त्यात? वर चढून ओरडायचा, आणि थांबताना घरघरत, खाली खाली येत जायचा.

"चढतांना सगळे ऐकले," राणोजी म्हणाले, "घड्याळें लावलीं. उतरतांना कोणीं ऐकलें नाहीं. तेथून धर."

अक्कांनी धरलं. जात्यात दाणा पडल्यासारखा तो आवाज बरोबर त्या सुरावर जाऊन बसला. मी पंख्याकडं बघत बसलो, दुसरीकडं बघायची सोय नव्हती.

कार्यक्रम रविवारी सकाळी दहाला, नुंगंबाक्कमच्या एका हॉलमध्ये. आम्ही नऊलाच पोचलो. खोकं या वेळी टॅक्सीतून. व्यासपीठामागं मोठा फ्लेक्स, त्यावर राणोजींचा चेहरा आणि नाव. राणोजींनी खिशातून काळी इन्सुलेशन टेप काढली, वाइंडिंगवाल्यांच्या खिशात असते तीच, आणि मला म्हणाले, "गुंडो, स्टूल धर."

ऐंशी वर्षांचा माणूस स्टुलावर चढला. टेपचे तुकडे दातानं तोडून फ्लेक्सवर आपल्या नावाशेजारी अक्षरं चिकटवायला लागला. लोक येऊन बसत होते. काही फोटो काढत होते. श्रीवत्स धावत आला. "अण्णा! अण्णा, उतरा! पडाल!"

"गुंडो धरून आहें."

"अण्णा, तो फ्लेक्स..."

"फ्लेक्सला काय होतें? वॉटरप्रूफ टेप आहें."

'कृ'ला वेळ लागला, त्याचं शेपूट वळेना. 'ष्ण'ला मी स्टुलाला गुडघा लावला. 'वे' झालं, 'ण' झाला आणि टेप संपली. कृष्णवेण. राणोजी वरूनच अक्कांना म्हणाले, "एवढें लांब नांव कोणीं ठेवलें तुला?"

"माझ्या आजीनें. तिला टेपचा अंदाज नव्हता."

हॉल हसला. पण ते हसणं कुठल्या बाजूचं हे अजून कळत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या फुलांच्या खुर्चीवर सईबाई जाऊन बसल्या होत्या. स्वयंसेविका म्हणाली, "ही अक्कांची जागा आहे." सईबाई म्हणाल्या, "ती उभी राहणार आहें. फुलें मज द्या."

नारायणस्वामी पेटी घेऊन बसले. राणोजींनी वायर जोडली, खोक्यातले रेडिओचे व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर थांबले आणि तार छेडली. भोंगा! काळी दोनही नाही, पांढरी तीनही नाही. नारायणस्वामींनी एक पट्टी दाबली, मग शेजारची दाबली, राणोजींकडं बघितलं आणि भाता बंद करून हात मांडीवर ठेवले. उठून मात्र गेले नाहीत.

अक्कांनी धरलं. 'वाट गेली तर जाऊं दे...'

सभेत एक सळसळ झाली. कोणी कोणाच्या कानाशी लागलं. मागं कॉलेजची दोन मुलं फिसकन हसली. पडद्याआड श्रीविद्या माइक घेऊन उभी होती, श्रीवत्सानं तिला तयार ठेवलेलं, मी बघितलं. अक्कांनी दुसरी ओळ पुरी केली, '...मी येथेंच आहें', आणि ती जागा आली.

ती जागा. जिथं अक्कांनी "उगे असा!" म्हणायचं.

त्यांचा श्वास संपला होता. ओठ हलले, आवाज निघाला नाही. राणोजींनी तोच सूर पुन्हा छेडला. पुन्हा छेडला. कुजबुज वाढली. श्रीवत्सानं श्रीविद्याला हात केला. माझी ओळ माझ्या घशात येऊन बसलेली, पण त्यांनी म्हटल्याशिवाय मी कशी म्हणू? पन्नास वर्षांत कधी म्हटली नव्हती.

आणि नारायणस्वामी पेटीमागून ताठ उठले, हात वर केला, आणि त्या गणपतीतल्यासारखेच ओरडले, "उगे असा!"

हॉल चिडीचूप झाला. श्रीविद्या जागच्या जागी थांबली.

माझं तोंड माझ्या ताब्यात नव्हतं. मी व्यासपीठाच्या पायरीवरून, पंचाहत्तर वर्षांचा माझा सगळा घसा लावून म्हणालो, "उगाच न्हाय, कामानं आलोय!"

अक्का हसल्या. तोंडाला पदर लावून, त्या रविवारी हसल्या होत्या तशाच. त्या हसण्यात त्यांचा श्वास परत आला आणि त्यांनी पुढचं कडवं धरलं ते खालूनच, जात्यासारखं, आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. राणोजी त्यांच्या आजूबाजूनं वाजवत गेले, कुठं पुढं नाही, कुठं मागं नाही. मागची ती दोन मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. श्रीविद्या पोर गुणी, तिनं पडद्याआडून अक्कांच्या सुराला हलकेच वरचा सूर दिला. दुसरा गळा! टेपवर होता तसा.

नंतर जेवताना मी नारायणस्वामींच्या शेजारी पान घेतलं. म्हटलं, "स्वामी, तुम्ही ते सभेला म्हणालात, की गाण्यातली जागा भरलीत?"

त्यांनी रसमाचा भुरका मारला. "मी लोकांस गप्प केलों. दंगा करीत होते."

"पण बरोबर त्या जागेवर?"

"मी काय म्हणून जागा लक्षांत ठेवूं? तें गाणेंच नव्हे."

"मग पन्नास वर्षं यायचा कशाला?"

"उगे असा," ते म्हणाले, "आणि जेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राणोजींकडे गेलो तर ते चपला घालत होते. हातात नवी टेप. फोनवर श्रीवत्स होता, आवाज बाहेरपर्यंत येत होता. "अण्णा, हॉल रिकामा केला. फ्लेक्स कालच उतरवला."

"मग परत चढवा," राणोजी म्हणाले. "वेलांटी राहिली आहें."